अटकेनंतर वकील कोणता: विधी सेवेचा, तालुक्याचा की मुंबईचा?

कोकणात गावी कुणाला अटक झाली की पहिला फोन मुंबईला जातो. चाकरमानी मंडळी तिकडचा वकील ठरवतात, तो गाडीत बसेपर्यंत इकडे चिपळूण किंवा कणकवलीच्या कोर्टात माणूस रिमांडला (कोठडीत ठेवायचं की नाही, हे ठरवणाऱ्या सुनावणीला) एकटाच उभा असतो. अटकेपासून 24 तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावंच लागतं. रविवार असो वा गणपतीची सुट्टी. म्हणून उद्या रिमांडला कोण उभं राहणार, एवढं आधी ठरवा.

विधी सेवेचा वकील मोफत मिळतो आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अटच नाही (1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12). ‘सरकारी वकील पोलिसांचाच’ म्हणून लोक तो नाकारतात. हा गैरसमज महागात पडतो: सरकारी वकील फिर्यादी पक्षाचा, विधी सेवेचा वकील आरोपीचा. मॅजिस्ट्रेटला तोंडी सांगितलं तरी पुरतं. नातेवाइकांनी 15100 वर फोन करावा किंवा तालुका विधी सेवा समितीत जावं. जिल्ह्याची प्राधिकरणं अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोसला आहेत. उणीव अशी, की या वकिलाकडे कामं पुष्कळ असतात, घरच्यांनीच कागद घेऊन मागे लागावं लागतं. कुणी पैसे मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा.

तालुक्याचा खासगी वकील फी घेतो, पण अटकेच्या रात्रीच पोलीस ठाण्यात पोचू शकतो. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम 38 मध्ये आहे, पूर्ण चौकशीभर बसू देत नाहीत एवढंच. रिमांड, जामीन अर्ज आणि खटला यांची फी वेगवेगळी विचारून कागदावर घ्या.

वकील कोणताही असो, पहिल्या तारखेला त्याने काय तपासलं ते विचारा. अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला कळणाऱ्या भाषेत दिली का? नोव्हेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ती निदान रिमांडच्या दोन तास आधी हातात पडली पाहिजेत. प्रत्यक्ष उचलल्याची वेळ आणि कागदावरची वेळ जुळते का? मारहाण झाली असेल तर ती तिथेच मॅजिस्ट्रेटला सांगून नोंदवून घ्यावी. नंतर सांगितल्यास ‘तेव्हा का बोलला नाहीत’ हा प्रश्न येतोच. पोलिसांपुढच्या जबाबावर आरोपीने सही करायची नसते, कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही.

जामीन मंजूर झाल्यावर स्थानिक वकिलाचा खरा उपयोग कळतो. आपल्याकडचे सातबारे सामाईक, एकेका उताऱ्यावर पंचवीस नावं, त्यातले निम्मे मुंबईत. असा उतारा जामीनदाराची ऐपत दाखवायला अपुरा ठरू शकतो आणि मंजूर जामीन हातात असून माणूस आतच राहतो. इथला वकील आधीच ज्याच्या एकट्याच्या नावावर जमीन आहे असा जामीनदार शोधायला सांगतो, किंवा तूर्त रोख जामिनाची परवानगी मागतो.

मुंबईचा वकील गुंतागुंतीच्या आर्थिक गुन्ह्यात किंवा गुन्हा रद्द करून घ्यायला जरूर बघा, पण नकाशा बदललाय. 18 ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची उच्च न्यायालयातली प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (उच्च न्यायालयाच्या तिथल्या खंडपीठाकडे) आहेत, रायगडची मुंबईतच. वेंगुर्ल्याच्या माणसाने मुंबईचा वकील केला तर घाट ओलांडायचा खर्चही आपलाच.

माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या रिमांडला विधी सेवेचा किंवा तालुक्याचा वकील उभा करा आणि मोठा वकील लागलाच तर आठवड्याने शांतपणे बघा. घाईत खासगी वकिलाला वकीलपत्र देऊन मग बदलायचं म्हटलं, तर आधीच्याची ना-हरकत लागते आणि थकलेल्या फीवरून ती अडते.

कुणालाही नेमा, एक तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. गुन्ह्याप्रमाणे 60 किंवा 90 दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. मोजणी पहिल्या रिमांडच्या दिवसापासून, तो दिवस धरून. अर्ज मात्र आरोपपत्र दाखल होण्याआधी पडायला हवा. मुदत संपल्यावर वकील दुसऱ्या दिवशी उगवला आणि सकाळीच आरोपपत्र आलेलं असलं, तर हा हक्क गेला.