स्थितांबरातील ज्वालामुखीय ढग: लायडर जमिनीवरचा की उपग्रहावरचा?

लायडर म्हणजे लेसरचे स्पंद सोडून परतलेल्या प्रकाशावरून हवेतले थर मोजणारे उपकरण; इथे पाहायचे ते स्थितांबरातले, म्हणजे नेहमीच्या ढगांच्या वरच्या हवेतले थर. लेसरचा स्पंद 20 किलोमीटर उंचीवरच्या थराला भिडून परत यायला सुमारे 133 मायक्रोसेकंद लागतात. या परतीच्या प्रकाशाची नोंद दर 0.1 मायक्रोसेकंदाला घेतली, तर थराची उंची 15 मीटरच्या टप्प्यांत वाचता येते. हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे. फरक पडतो तो उपकरण कुठे बसवले आहे यामुळे.

जमिनीवरच्या लायडरचे बळ सातत्यात आहे. जर्मनीतील गार्मिश-पार्टेनकिर्खेन येथे 1976 पासून नोंदी घेतल्या जात असल्याने 1982 चा एल चिचोन आणि 1991 चा पिनाटुबो हे दोन्ही उद्रेक एकाच मालिकेत सापडतात आणि ज्वालामुखीच्या गंधकयुक्त वायूपासून बनलेल्या गंधकाम्लाच्या थेंबांचा थर किती संथपणे विरत गेला, हे ताडून पाहता येते. मात्र खालच्या हवेत दाट ढग असले की किरण तिथेच अडतो, आणि ज्वालामुखीचा ढग आपल्या डोक्यावरून जाईल की नाही, हे वाऱ्याच्या मर्जीवर असते.

कॅलिप्सो उपग्रहाने 2006 ते 2023 या काळात वरून पाहिल्यामुळे पहिली अडचण उरली नाही, पण त्याचा किरण जमिनीवर शंभर मीटरहूनही अरुंद पट्टा टिपत असे आणि तोच मार्ग 16 दिवसांनी पुन्हा येई. त्यामुळे ताजा, आटोपशीर ढग दोन मार्गांच्या मधून सहज निसटू शकतो. शिवाय कणांमुळे प्रकाश किती क्षीण झाला हे काढण्यासाठी त्यात बहुधा कणांनी क्षीण केलेल्या आणि मागे परतवलेल्या प्रकाशाचे गुणोत्तर गृहीत धरावे लागे. मे 2024 मध्ये सोडलेल्या अर्थकेअर उपग्रहावरील लायडर हवेच्या रेणूंकडून आणि कणांकडून येणारा प्रकाश वेगळा करतो, म्हणून तिथे ही अडचण उरत नाही. जमिनीवर हेच काम रामन लायडर (रेणूंकडून बदललेल्या तरंगलांबीने परतणारा प्रकाश वेगळा मोजणारा) करतो, मुख्यतः रात्री.

ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा, मोजण्याची सोय नसलेला लायडर उद्रेकानंतरच्या पहिल्या आठवड्यांसाठी मी तरी निवडणार नाही. गोल थेंबांवरून परतलेल्या प्रकाशाचे ध्रुवीकरण जवळजवळ तसेच राहते, राखेच्या वेड्यावाकड्या कणांवरून ते बिघडते. ही खूण नसेल, तर आलेखातले टोक राखेचे की आम्लाचे, याचा निव्वळ अंदाजच बांधावा लागतो.

सल्फर डायऑक्साइड वायू या लायडरांपैकी एकालाही दिसत नाही. त्यासाठी अतिनील वर्णपट मोजणारे उपग्रह लागतात. 15 जानेवारी 2022 च्या हुंगा टोंगा उद्रेकाची 57 किलोमीटरची उंचीसुद्धा लायडरने नव्हे, तर भूस्थिर उपग्रहांनी वेगवेगळ्या कोनांतून टिपलेल्या चित्रांवरून काढली गेली. रियुनियन बेटावरील लायडरच्या वाट्याला तोच ढग काही दिवसांनी, वाऱ्याबरोबर पश्चिमेकडे सरकत आल्यावर आला.