टीव्हीमागचा डबा आणि माझा निर्दोष कंप्युटर

चार महिने मी माझ्या कंप्युटरला दोष देत होते. कुठलंही संकेतस्थळ उघडलं की आधी "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा". सिग्नलचे दिवे ओळखा, बसगाड्या ओळखा, चुकलं, पुन्हा ओळखा. मी घरून हिशेबाचं काम करते, त्यामुळे दिवसातून पंधरा-वीस वेळा हे चालायचं. व्हिडिओ मीटिंगमध्ये माझा आवाज तुटायचा. एकदा तर "संशयास्पद हालचाल" म्हणून कामाचं खातंच बंद झालं आणि ते उघडून घेण्यात दीड दिवस गेला.

मी अँटिव्हायरस दोनदा फिरवला, मशिन फॉरमॅट केलं, राउटर बदलला. आणि ज्याचं मला अजून वाईट वाटतं ते म्हणजे मुलाला बोलले. "रात्री काय काय डाउनलोड करतोस?" असं रोज विचारायचे. तो शपथेवर सांगत होता की काही नाही. मी विश्वास ठेवला नाही.

दोष होता टीव्हीच्या मागे चिकटवलेल्या, तळहाताएवढ्या काळ्या डब्याचा.

तो आम्ही बाबांसाठी ऑनलाइन मागवला होता. त्यांना जुने सिनेमे बघायला आवडतात आणि आमचा टीव्ही साधा, इंटरनेट नसलेला. जाहिरातीत लिहिलं होतं: अँड्रॉइड बॉक्स, ८के, चार जीबी रॅम, हजारो चॅनेल कायमचे मोफत. खाली पाच-पाच तारे दिलेले अभिप्राय. "कायमचे मोफत" या दोन शब्दांवरच मी थांबायला हवं होतं. दुसऱ्याच्या मालकीचे सिनेमे कुणी आयुष्यभर फुकट दाखवत असेल, तर त्याची कमाई दुसरीकडून होत असणार, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

सोबतच्या कागदावर आणखी एक सूचना होती: ॲप नीट चालावेत म्हणून प्ले प्रोटेक्ट बंद करा. प्ले प्रोटेक्ट म्हणजे अँड्रॉइडमधली घातक ॲप पकडणारी व्यवस्था. ती मी स्वतःच्या हाताने बंद केली.

सुरुवातीला बाबा खूश होते. एकच गोष्ट खटकायची. ज्या ओटीटीचे आम्ही रीतसर पैसे भरतो, तिचं चित्र या डब्यावर धूसर दिसायचं. मला वाटलं इंटरनेट कमी पडतंय, म्हणून जास्त वेगाचा प्लॅन घेतला. काही फरक पडला नाही. कारण नंतर कळलं. ओटीटीवाले चित्र पाठवण्याआधी यंत्राची सुरक्षा-पातळी बघतात. अँड्रॉइडवर त्यासाठी वाइडव्हाइन नावाची व्यवस्था असते. एल१ पातळीच्या यंत्राला एचडी आणि ४के मिळतं, एल३ असेल तर बहुतेक सेवा ४८०पीच्या आसपास, म्हणजे धूसर चित्रावरच, अडवतात. स्वतःला ८के म्हणवणारा आमचा डबा एल३ निघाला. आत रॅमही दोनच जीबी होती. सेटिंगच्या पानावर चार दिसतील अशी सोय करून ठेवलेली!

भाची नेटवर्किंगच्या कामात आहे. ती राहायला आली आणि तिने राउटरचं पान उघडून कोणतं यंत्र किती डेटा वापरतं ते दाखवलं. मुलाच्या फोनचा वापर मामुली होता. डब्याचा मात्र रात्री दोन-तीन वाजता, टीव्ही बंद असतानाही चालू होता. आणि जेवढा डेटा खाली येत होता, जवळजवळ तेवढाच वर जात होता. ती म्हणाली, "मावशी, सिनेमा दाखवणारं यंत्र डेटा घेतं. हे घेतंय तेवढंच देतंय. म्हणजे कुणीतरी तुमच्या घरातून ये-जा करतंय."

याला रेसिडेन्शियल प्रॉक्सी म्हणतात. डब्यातला छुपा प्रोग्राम आपलं कनेक्शन परक्या माणसांना विकतो. ते कुठेतरी खोटी खाती उघडतात, चोरलेले पासवर्ड लावून बघतात, आणि समोरच्या संकेतस्थळाला इंटरनेटवरचा पत्ता दिसतो आपल्या घराचा. म्हणून तर मला रोज सिग्नलचे दिवे ओळखावे लागत होते. त्यांच्या लेखी माझं घरच संशयित होतं.

हे आमच्या एकट्याच्या घरात घडलेलं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीच्या सायबर सुरक्षा संस्थेने अशी सुमारे ३०,००० यंत्रं त्यांच्या सूत्रधारांपासून तोडली, त्यात डिजिटल फोटो फ्रेमही होत्या. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स २.० नावाच्या, अशाच बाधित यंत्रांच्या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला. त्यात सांगितलेल्या खुणा म्हणजे अनोळखी ब्रँड, फुकट चॅनेलचं आमिष, प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगणं. वाचताना आमच्याच घराचं वर्णन वाटलं. पुढच्याच महिन्यात गुगलने या जाळ्याविरुद्ध न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला, त्यात बाधित यंत्रांचा आकडा एक कोटीच्या वर आहे.

डब्याची वायर काढली. तिसऱ्या दिवसापासून रोबोटचा प्रश्न बंद झाला. कंप्युटर तोच, प्लॅन तोच.

फॅक्टरी रीसेट करून भागेल का, हे मीही विचारलं होतं. नाही भागत, कारण हा प्रोग्राम बऱ्याचदा कारखान्यातून निघतानाच मूळ सॉफ्टवेअरमध्ये घातलेला असतो. रीसेट केल्यावर तोही नव्याने उभा राहतो. मी डब्यावर माझा ईमेलचा पासवर्ड टाकला होता. तो दुसऱ्या यंत्रावरून बदलला, खात्यातल्या यंत्रांच्या यादीतून डबा काढला, दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली. विक्रेत्याला लिहिलं तर परत करायची मुदत संपल्याचं उत्तर आलं, आणि आठवड्याभरात त्याचं पानच गायब झालं.

तुमच्या घरी असा डबा असेल तर त्यावरच्या प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'अबाउट' उघडा. तिथे प्ले प्रोटेक्ट प्रमाणपत्राची ओळ असते. यंत्र प्रमाणित नाही असं दिसलं, किंवा ती ओळच सापडली नाही, तर आधी त्याचा प्लग काढा, चौकशी मागून करा. आणि टीव्ही बंद केला म्हणजे डबा बंद झाला असं समजू नका, त्याचा वीजपुरवठा वेगळा असतो.

एका ओळखीच्यांनी तो डबा मागितला, "आम्ही नुसते सिनेमेच बघू" म्हणाले. मी दिला नाही, ई-कचऱ्यात टाकला. बाबांच्या टीव्हीला आता माझा जुना लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडलाय, चित्र स्वच्छ दिसतं. ती केबल मुलानेच लावून दिली. त्याच दिवशी मी त्याची माफी मागितली.