नागपूरच्या हॉलमध्ये आठ महिने छोटी हेली: काय बदललं, काय बदलायला नको होतं

मागच्या दिवाळीत मी डब्ल्यूएल टॉईजची व्ही-९११-एस ही रिमोटवर उडणारी छोटी हेलिकॉप्टर, म्हणजे हेली, घेतली आणि जानेवारीत एक्सकेची के-११०. आता जुलै लागलाय. पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली आहे. प्रत्येक बॅटरीमागे एक ओळ: तारीख, किती मिनिटं, काय तुटलं. ती वही पुढ्यात घेऊनच हे लिहितोय, कारण विकत घेण्याआधी मला जे वाचायला मिळालं ते सगळं पहिल्या आठवड्यातलं कौतुक होतं. सहा महिन्यांनी ती वस्तू कशी वागते, हे कुणी सांगतच नव्हतं.

उडवायची जागा म्हणजे प्रतापनगरातल्या आमच्या घराचा हॉल, बारा बाय पंधरा फूट. सोफे भिंतीला लावले आणि टीपॉय बेडरूममध्ये नेला. एवढ्या जागेत छोटी हेली छान उडते, पण पंखा बंदच हवा. आणि नागपुरात पंखा बंद म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर पारा आणि घरात कूलर. कूलरचा झोत हेलीला सरळ पडद्यावर नेऊन आपटतो, आणि कूलर बंद केला तर दहा मिनिटांत अंगातून धारा. शेवटी पहाटे साडेपाचची वेळ धरली. कूलर बंद करायचा, दोन बॅटऱ्या उडवायच्या, परत चालू करायचा. हवा तापली की विरळ होते. जानेवारीतल्या १५ अंशांच्या सकाळच्या मानाने मेमधल्या ३५ अंशांच्या खोलीत ती सहा-सात टक्के हलकी असते, आणि हे थ्रॉटलच्या, म्हणजे रिमोटवरच्या हेली वर-खाली करणाऱ्या काडीवर चक्क जाणवतं. जी व्ही-९११-एस जानेवारीत अर्ध्या काडीवर तरंगायची, तिला मेमध्ये थोडी जास्त काडी द्यावी लागली. बॅटरीही तेवढी लवकर बसायची.

व्ही-९११-एसच्या पात्यांचा कोन पक्का असतो. वर जायचं तर पाती जोरात फिरवायची, खाली यायचं तर हळू. त्यामुळे काडी हलवली की हेली जरा थांबून ऐकते. नवशिक्याला वाटतं ती ऐकतच नाही, म्हणून तो काडी आणखी वर करतो आणि छताला लावतो. तिच्या थोडं आधी हात चालवायला शिकायला मला तीन आठवडे लागले. दुसरी गोष्ट, जमिनीपासून वीतभर उंचीवर ती सगळ्यात जास्त डगमगते, कारण पात्यांची हवा फरशीवर आपटून परत तिच्याच खाली येते. घाबरून वीतभरच उडवत राहिलो तेव्हा रोज आपटायची. सरळ कमरेएवढी नेली तर शांत उभी राहिली.

खरा अभ्यास दिशेचा आहे. शेपटी आपल्याकडे असली की सगळं सोपं. नाक आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं आणि हात गोंधळतात. मला एकाच गोष्टीने तारलं: नाक आपल्याकडे असताना हेली ज्या बाजूला कलतेय, त्याच बाजूला काडी द्यायची, पडणाऱ्या बाजूला टेकू लावल्यासारखी. हे डोक्यातून बोटांत उतरायला जवळपास चाळीस बॅटऱ्या गेल्या. तोवर के-११० चा डबा उघडला नाही, आणि ते बरंच झालं.

के-११० हे वेगळंच जनावर आहे. मुख्य मोटर ब्रशलेस, म्हणजे आत घासणारे ब्रश नसलेली. पाती एकाच वेगाने फिरत राहतात आणि वर-खाली होण्यासाठी त्यांचा कोनच बदलतो. काडी हलली की हेली हलली. सिक्स-जी मोडमध्ये ती स्वतःला सरळ करते, थ्री-डी मोडमध्ये तुम्ही ठेवाल तशीच राहते. मी अजून बहुतेक वेळ सिक्स-जीमध्येच असतो आणि या हॉलमध्ये तेच योग्य आहे.

आता अपग्रेडचं. फेब्रुवारीत मी के-११० ला अ‍ॅल्युमिनियमचं हेड, म्हणजे पाती ज्यावर बसतात तो भाग, बसवलं. चमकदार, घट्ट, हातात घेतलं की मन भरावं असं. तिसऱ्या दिवशी हेली सोफ्याच्या पायावर आदळली. हेडला ओरखडाही नाही, पण मेन शाफ्ट, म्हणजे पात्यांना फिरवणारा उभा दांडा, वाकला आणि एका सर्वोचे, म्हणजे पात्यांचा कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरचे, दाते गेले. तसाच मार आधी प्लास्टिकच्या हेडवर बसला होता, तेव्हा फक्त एक बॉल लिंक, म्हणजे गोळीवर दाबून बसणारी छोटी जोडकाडी, निघाली होती. चिमट्याने दाबून दोन मिनिटांत परत उडवली. प्लास्टिक वाकतं, सुटतं, मार स्वतः घेतं. धातू तो मार पुढच्या नाजूक भागाकडे पाठवतो, वर वजन वाढवतो ते वेगळंच. हॉलमध्ये उडवणाऱ्याने धातूचं हेड घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच पैशात दोन-तीन चांगल्या बॅटऱ्या येतात.

वाकलेल्या शाफ्टची गोष्ट बाबांमुळे सुटली. बाबा आयुध निर्माणीत फिटर होते. मी शाफ्ट बोटांत धरून डोळ्यासमोर फिरवत होतो. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "असं कायले पाहून राहिला? काच आण." टीपॉयच्या काचेवर त्यांनी शाफ्ट ठेवला आणि एका बोटाने हळूच लोळवला. खाली उजेडाची बारीक फट उघडझाप करत होती. जिथे फट उघडते तिथे वाक. "हा सरळ नाही होत आता. सरळ केला तरी डोलनच. नवीन घाल." नवीन शाफ्टही त्यांनी आधी काचेवर लोळवून पाहिला. तेव्हापासून दर आपटीनंतर मुख्य शाफ्ट आणि पात्यांचा आडवा शाफ्ट, दोन्ही काचेवर जातात. हेली गोल गोल डोलायला लागली की लोक रिमोटवरच्या ट्रिमशी, म्हणजे बारीक तोल साधायच्या बटणांशी, खेळत बसतात. माझ्याकडे बहुतेक वेळा वाकलेला शाफ्टच निघाला.

पात्यांच्या स्क्रूंचंही तसंच. घट्ट आवळले की हेली थरथरते. हेली आडवी धरली तर पाती स्वतःच्या वजनाने लोंबू नयेत, पण बोट लावताच हलावीत, एवढेच सैल ठेवायचे. व्ही-९११-एसमध्ये मी बॅटऱ्या सोडून दुसरं काही बदललं नाही. फक्त हे स्क्रू नीट केले आणि ती दुप्पट शांत झाली.

सगळ्यात आधी थकते ती शेपटीची मोटर. ती छोटी, ब्रशवाली, आणि सतत मुख्य पात्यांचा पीळ अडवत असते. के-११० च्या आतापर्यंत तीन बदलल्या. पहिली खरं तर मेली नव्हती. शेपटी सारखी एका बाजूला वळायची म्हणून मी ती काढली. भिंगाखाली पाहिलं तर पातं आणि मोटर यांच्यामध्ये शाफ्टवर आईचा एक लांब केस, पंधरा-वीस वेढे घेऊन घट्ट बसलेला. सुईने एकेक वेढा सोडवला आणि मोटर पुन्हा नव्यासारखी फिरली. तोवर नवीन मागवून झालं होतं. त्या मागवलेल्या दोनपैकी एक पहिल्याच दिवशी अडकत होती आणि विक्रेत्याने परत घ्यायला साफ नकार दिला. आता प्रत्येक ब्रशवाली मोटर बसवण्याआधी दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलवर पाच मिनिटं फिरवतो. ब्रश नीट बसतात आणि खराब माल तिथेच कळतो. उडवण्याआधी फरशी झाडायची सवयही तेव्हाच लागली.

बॅटऱ्यांबद्दल नागपूरकरांना कळकळीने सांगतो. या एका सेलच्या लिपो (लिथियम पॉलिमर) असतात, भरल्यावर ४.२ व्होल्ट. पूर्ण भरून उन्हाळ्यात ठेवल्या की फुगतात. एप्रिलमध्ये माझ्या दोन अशाच गेल्या, एक तर गाडीच्या डिकीत. आता उडवायचं नसेल तेव्हा ३.८ व्होल्टवर आणून घरातल्या सगळ्यात थंड कपाटात ठेवतो. उडवून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जरला लावत नाही, आणि फुगलेली तर लावतच नाही. चार्जिंग नेहमी समोर बसून, फरशीवर, कोऱ्या मडक्यात. सोबत आलेला यूएसबी चार्जर बाजूला ठेवून प्रत्येक सेलचा व्होल्ट दाखवणारा चार्जर घेतला. मात्र त्यावर जास्त व्होल्टच्या वेगळ्या बॅटऱ्यांसाठी ४.३५ चं बटण असतं, ते चुकून दाबलं जाऊ नये म्हणून मी त्यावर चिकटपट्टी लावली आहे.

पैसे कुठे घालावेत असं विचाराल तर रेडिओत. मी मल्टीप्रोटोकॉल मॉड्यूलचा, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या हेलींशी बोलू शकणारा, रेडिओ (रिमोट) घेतला. के-११० फुटाबा कंपनीच्या एस-एफएचएसएस या रेडिओ-संकेतपद्धतीवर चालते आणि व्ही-९११-एसही त्याच रेडिओला जोडली जाते. मूळ रिमोटच्या काड्या आखूड, बोट जरा हललं की हेली उडी मारते. नव्या रेडिओवर मधल्या भागातली चाल मऊ केली आणि पात्यांचा कोन हॉलपुरता कमी केला. आणि थ्रॉटल होल्ड, म्हणजे मुख्य मोटर तत्काळ थांबवणारी सोय, एका बटणावर घेतला, डाव्या हाताच्या बोटाखाली. आयडल-अपमध्ये, म्हणजे पाती सतत वेगाने फिरत ठेवणाऱ्या मोडमध्ये, काडी खाली ओढली तरी मोटर थांबत नाही, उलट पाती उलट कोनात जाऊन हेलीला फरशीत रेटतात. आपटणार असं दिसताच होल्ड दाबायचा, काडीला हात लावायचा नाही. एप्रिलनंतर वहीत गिअरचे दाते गेल्याची एकही नोंद नाही, ती या बटणामुळे. तोच रेडिओ यूएसबीने लॅपटॉपला लावून सिम्युलेटरवर रोज रात्री पंधरा मिनिटं सराव करतो.

सुट्या भागांपैकी हॉलमध्ये उडवणाऱ्याकडे दोन जोड पाती, दोन मुख्य शाफ्ट, एक आडवा शाफ्ट, एक मुख्य गिअर आणि एक शेपटीची मोटर कायम हवी. श्रिंक ट्यूब, बारीक चिमटा, सोल्डर मला बर्डीवर (इथल्या सीताबर्डी बाजारात) मिळालं. हेलीचे भाग मात्र ऑनलाइनच मागवावे लागतात आणि यायला कधी कधी महिना लागतो.

आता पाऊस लागल्यापासून कूलर बंद आहे, त्यामुळे संध्याकाळीही उडवता येतं. परवा के-११० नाक माझ्याकडे करून पूर्ण बॅटरीभर एका जागी उभी राहिली, साडेपाच मिनिटं. बाबा दारात उभे राहून शेवटपर्यंत बघत होते. वहीत तुटलंच्या रकान्यात त्या दिवशी रेघ मारली आहे.