एमजीबीवर नवे एसयू कार्ब्युरेटर: काही महिने चालवल्यावर

खोक्यात गॅस्केटं, म्हणजे दोन भागांच्या सांध्यात बसणाऱ्या कागदी चकत्या, नव्हती. एसयू या ब्रिटिश कंपनीच्या एचएस४ कार्ब्युरेटरांची (इंजिनासाठी हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) नवी कोरी जोडी, ड्युटी आणि पोस्टेज धरून एका चांगल्या स्कूटरच्या किमतीला पडलेली, आणि सोबत एकही गॅस्केट नाही. विक्रेत्याला मेल केला तर उत्तर आलं, ती वेगळी मागवावी लागतात. हे सगळ्यात आधी सांगतोय, कारण पुढचा बहुतेक ताप त्या कागदाच्या तुकड्यानेच दिला.

गाडी म्हणजे १९६६ची एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १७९८ सीसी. मूळच्या कार्ब्युरेटरांत थ्रॉटलच्या दांडीला प्ले (ढिलेपणा) आला होता. दांडीच्या टोकाशी क्लीनरचा फवारा मारला की आयडलिंग लगेच बदलायचं, म्हणजे हवा तिथूनच ओढली जात होती. विद्यापीठ चौकातल्या सिग्नलला अशी गाडी घेऊन उभं राहणं नको व्हायचं. वेबर (दुसऱ्या कंपनीचा कार्ब्युरेटर) टाका, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. पण सिंगल वेबर टाकायचा तर मॅनिफोल्डही (कार्ब्युरेटर ज्यावर बसतो तो पाइपांचा जोड) बदलावा लागतो. शिवाय एसयू जाणणारे मिस्त्री पुण्यात अजून आहेत, ॲम्बेसेडरची कृपा. तिचं १४८९ सीसीचं इंजिन एमजीबीच्याच बी-सीरिज घराण्यातलं. म्हणून एसयूच घेतले.

बसवायला गाडी एका नावाजलेल्या गॅरेजला दिली. त्यांनी गॅस्केट पेपर आणून सगळी गॅस्केटं हाताने कापली. आयडलिंग सुरेख लागलं. गावात गाडी बरी चालली. जुन्या कात्रज घाटात मात्र थर्ड गिअरला दम सोडायला लागली. पाय दाबावा तितकी जास्तच गुदमरायची. गॅरेजचं म्हणणं, नवा माल आहे, सेट व्हायला वेळ लागेल. परत नेली तर गाडीतला पेट्रोलचा पंप बदला म्हणाले, मग कॉइल. दर वेळी बिल वेगळं. तेव्हाच हा अनुभव लिहायला घेतला असता, तर पैसे पाण्यात गेले असंच लिहिलं असतं.

नाना पेठेत स्पेअरच्या दुकानात कॉइलचा भाव विचारत होतो, तिथे एक म्हातारे मिस्त्री बसले होते. आयुष्य टॅक्सींवर गेलेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, कार्बोरेटर उघडू नका. आधी फिल्टर काढून बघा."

हवेचा फिल्टर काढला. एसयूच्या तोंडाशी, फिल्टर बसतो त्या फ्लँजवर बारीक भोकं असतात. त्यांतून बाहेरची हवा कार्ब्युरेटरच्या आतल्या पिस्टनच्या खालच्या अंगाला पोचते. वर व्हॅक्यूम, खाली बाहेरच्या हवेचा दाब, या फरकावर पिस्टन उचलला जातो आणि सुई जेटमधून (पेट्रोल येतं त्या भोकातून) वर येते. गॅरेजने कापलेल्या गॅस्केटला मधलं मोठं भोक होतं, बोल्टची होती, ही बारीक नव्हतीच. कागदावर त्या भोकांचे दोन गोल वळ स्पष्ट उमटले होते. मिस्त्रींनी पंचने तिथे भोकं पाडली, गॅस्केट परत लावलं, फिल्टर चढवला. त्याच दिवशी घाट चढलो, थर्डमध्येच. इतका आनंद या गाडीने बऱ्याच वर्षांत दिला नव्हता. गॅरेजने पंपाचे पैसे परत केले नाहीत, आणि तो राग अजून आहे.

इथून माझं मत पालटलं, पण काम संपलं नव्हतं. प्लग पांढरे पडत होते. कारण पेट्रोल. नुसत्या पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. आता पंपावर मिळणाऱ्या ई२०ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) ती साडेतेराच्या आसपास बसते. म्हणजे जुन्या हिशेबाने लावलेला कार्ब्युरेटर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालणारच. जेटचं नट एक-दोन पैलू खाली फिरवून आयडलिंग सुधारतं, पण वरच्या रेव्हला सगळं सुईच्या निमुळतेपणावर असतं. या इंजिनाची स्टँडर्ड सुई ५ नंबर, रिच (पेट्रोल जास्त देणारी) हवी तर ६. मी ६च्या मागवल्या आणि त्याच पार्सलात छापील गॅस्केटांचा पूर्ण सेटही. सुया स्वस्त, पोस्टेज महाग, तेव्हा सगळं एकदमच मागवा.

आता प्लग विटकरी आहेत. तपासायला पिस्टनखालची पिन किंचित उचलायची. रेव्ह वाढून वाढलेलेच राहिले तर रिच, लगेच पडले तर लीन, क्षणभर वाढून जागेवर आले तर बरोबर. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, हवा विरळ असल्याने माझी गाडी थोडी रिच जाते. ते मी चालवून घेतो.

डॅशपॉटमध्ये (कार्ब्युरेटरच्या पिस्टनवरची तेलाची जागा) शिलाई मशीनचं तेल घालू नका. पातळ पडतं आणि एकदम ॲक्सिलरेटर दिला की गाडी अडखळते. मी इंजिनाचंच २०डब्ल्यू-५० घालतो.

एक तक्रार उरली आहे. या इंजिनात एक्झॉस्ट आणि कार्ब्युरेटर एकाच बाजूला. एप्रिलच्या दुपारी लक्ष्मी रस्त्यावर गाडी दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवली की पुन्हा स्टार्ट व्हायला फार छळते. हीट शील्ड आणि इन्सुलेटरचा ठोकळा मूळचेच आहेत, त्यांच्या दोन्ही अंगांना आता नीट गॅस्केटं आहेत, तरी ई२०ची वाफ होतेच. बॉनेट उघडून थांबायचं, दुसरा इलाज नाही.

रबरी पाइप इथेनॉलला टिकणारेच घ्या. माझे जुने फुगून मऊ पडले होते. पावसाळ्यात गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर फ्लोट बाउल (कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठणाऱ्या वाट्या) रिकामे करून ठेवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आतून बुरशीसारखा पांढरा गंज चढलेले बाउल मी त्याच मिस्त्रींच्या बाकावर पाहिले आहेत.