फोर्टनाइट चालला म्हणजे कन्सोल चांगला, असं नव्हे

जुना प्लेस्टेशन घेताना "ऑनलाइन चालतं ना?" असं विचारलं की विकणारा हमखास फोर्टनाइट लावून दाखवतो. पात्र इकडून तिकडे पळतं, दोन-चार गोळ्या सुटतात, घेणारा खूश. पण फोर्टनाइट हा फुकटचा खेळ. इतर बहुतेक गेम ऑनलाइन खेळायला सोनी कंपनीची 'प्लेस्टेशन प्लस' वर्गणी लागते, ती याला लागत नाही. त्या डेमोवरून कळतं ते एवढंच, की आत्ता या घडीला, विकणाऱ्याच्या आयडीवर मशीन नेटला जोडलेलं आहे. सोबत "पंधरा गेम फ्री" म्हणून जे सांगितलं, त्याचा त्यातून काहीच पत्ता लागत नाही. आणि नाशिकमध्ये कॉलेज रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत माणसं फसतात ती या पंधरा गेमांपायी.

पीएस ५ चा एक मोठा नवा गेम साधारण पाच हजार रुपयांना येतो. तसे पंधरा कोणी फुकट का देईल? कारण तो गेम देतच नाही. डिजिटल गेम मशीनमध्ये नसतात, ते खात्याचे असतात. एका खात्याला एकच पीएस ५ आणि एकच पीएस ४ 'प्रायमरी', म्हणजे मुख्य मशीन, करता येतो. पीएस ५ वर या सेटिंगचं नाव 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले'. ते चालू असलं की त्या मशीनवर तुम्ही स्वतःच्या आयडीने त्या खात्याचे गेम खेळू शकता, त्याची प्लसची वर्गणीही वापरू शकता. सगळं अगदी रीतसर वाटतं. मग तेच खातं दुसऱ्याला 'सेकंडरी' म्हणून, म्हणजे त्याच खात्याने लॉगिन करून खेळायला, विकलं जातं, तिसऱ्यालाही. पुढे प्रायमरीसाठी नवं गिऱ्हाईक मिळालं, की विकणारा घरबसल्या वेबसाइटवरून सगळी मशीन्स एकदम डिअॅक्टिव्हेट करतो. ही सोय सहा महिन्यांतून एकदा मिळते. तुमच्याकडे एके दिवशी गेमच्या चित्रावर बारीकसं कुलूप दिसू लागतं. फोन केला तर उत्तर ठरलेलं: "नेट बंद ठेवून खेळा." घेतला होता ऑनलाइन खेळायला!

"पासवर्ड, ईमेल सगळं तुमच्या नावावर करून देतो" यालाही भुलू नका. पहिला ईमेल, पहिल्या कन्सोलचा सिरियल नंबर, जुन्या खरेदीचा व्यवहार क्रमांक हा पुरावा मूळ मालकाकडेच राहतो. तो दाखवून खातं परत मागता येतं. शिवाय ते गेम चोरीच्या कार्डावर घेतलेले असतील आणि बँकेने पैसे मागे खेचले, तर खातंच बंद होतं. मुळात खातं विकणं कंपनीच्या अटींत बसत नाही, त्यामुळे दाद मागायला तोंडच राहत नाही.

पीएस ४ मध्ये आणखी एक प्रकार आहे. "अपडेट तेवढं करू नका" हे वाक्य ऐकलं की मशीन जेलब्रेक केलेलं, म्हणजे कंपनीची बंधनं तोडलेलं आहे असं धरून चाला. सेटिंगमध्ये सिस्टिम सॉफ्टवेअर ९.०० किंवा ११.०० असं जुनं दिसेल. त्यात पायरेटेड गेम झकास चालतात, पण प्लेस्टेशन नेटवर्क ताजं सॉफ्टवेअर मागतं, म्हणजे ऑनलाइन विसरायचं. अपडेट केलं तर ते गेम गेले. आणि मशीनला कंपनीने नेटवर्कवर आधीच बॅन केलेलं असेल तर फॉरमॅट मारूनही बॅन उठत नाही, तो मशीनला चिकटलेला असतो. मोबाईलचा आयएमईआय तपासता येतो, कन्सोलसाठी तशी सोयच नाही.

म्हणून तपासणी पैसे द्यायच्या आधी, आणि टीव्हीला लावूनच. पार्किंगमध्ये बॉक्स उघडून दाखवणाऱ्याला नमस्कार करावा. अपडेट आधीच करून ठेवायला सांगा. स्वतःचा हॉटस्पॉट जोडा, विकणाऱ्याचा युजर डिलीट करून त्याच्यासमोर फॅक्टरी रीसेट मारा, मग स्वतःच्या आयडीने लॉगिन करून नेटवर्कमधली इंटरनेट टेस्ट चालवा. त्यानंतर जे उरेल तेवढंच तुम्ही विकत घेताय. किंमत त्याचीच करा. एक ओरिजिनल डिस्क बरोबर न्या. पीएस ४ आणि सुरुवातीच्या पीएस ५ मध्ये डिस्क ड्राइव्हचं सर्किट त्याच मशीनच्या मदरबोर्डशी जोडी लावलेलं असतं. भंगारातला ड्राइव्ह बसवला असेल तर डिस्क आत जाते, फिरते, पण गेम काही सुरू होत नाही.

मशीन घरी आलं की नेटवाला खास 'गेमिंग प्लॅन' गळ्यात मारतो, त्याबद्दल थोडक्यात. स्पीड २०० एमबीपीएस असूनही कन्सोलच्या इंटरनेट टेस्टमध्ये नॅट टाइप ३ येत असेल, म्हणजे इतर खेळाडूंशी जोडणी अडत असेल, तर राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे नेटवाल्याने राउटरला दिलेला पत्ता, पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर एकच पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. अशा वेळी "राउटरमध्ये गेमसाठी पोर्ट उघडून देतो" म्हणणाऱ्याला दिलेले पैसे पाण्यात. नेटवाल्याकडे स्वतःपुरता पब्लिक किंवा स्टॅटिक (न बदलणारा) आयपीच मागावा लागतो.

"दुसरं गिऱ्हाईक बसलंय, टोकन टाका" म्हणून यूपीआयवर पैसे गेले आणि माणूस गायब झाला, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. दोन दिवस समजुतीने घेऊ म्हणून थांबलात तर पैसे पुढच्या खात्यांत पसरतात आणि गोठवायला काही उरत नाही. फोन करण्याआधी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेचा क्रमांक, काढून ठेवा; तो चॅटच्या स्क्रीनशॉटमध्ये नसतो, यूपीआय अॅपमध्ये त्या व्यवहाराचा तपशील उघडला की मिळतो.