जिताड्याचा चुलतभाऊ, २२३ युरो

"हा तो मासा नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि मी टेबलाखालून त्यांचा हात दाबला. "आई, जाऊ दे ना आता, सगळे बघतायत."

व्हेनिसच्या हॉटेलात झालेली आमची सगळी फसवणूक त्या हात दाबण्यात आहे, म्हणून आधी तेच सांगितलं.

२०२४चा जून. रोमचे चार दिवस, फ्लॉरेन्सचे तीन आणि शेवटी व्हेनिस. जायच्या आधी ह्यांनी इतकं वाचलं होतं की आम्ही स्वतःला हुशार समजायला लागलो होतो. विमानतळावरून रोममध्ये टॅक्सीचं भाडं ठरलेलं असतं हे माहीत होतं. कोलोसियमच्या तिकिटावर आता नाव छापलेलं असतं, त्यामुळे दारात "रांग नाही, लगेच आत" म्हणत तिकीट विकणाऱ्यांकडे आम्ही पाहिलंसुद्धा नाही. फ्लॉरेन्समध्ये काही जण चित्रं फरसबंदीवर मुद्दाम वाटेत पसरून ठेवतात. कुणाचा पाय पडला की भरपाई मागतात. आम्ही चौघं तिथून उड्या मारत गेलो, लेकीने त्याचा व्हिडिओही काढला.

व्हेनिसने त्याच वर्षी एप्रिलपासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार, दिवसापुरतं येणाऱ्यांकडून ५ युरो घ्यायला सुरुवात केली होती. आमचा मुक्काम पुलाअलीकडे, जमिनीच्या बाजूला असलेल्या मेस्त्रेत. मेस्त्रे व्हेनिस पालिकेतच मोडतं, म्हणून आम्हाला सूट. सवलतीचा क्यूआर कोड दाखवून चौघांचे २० युरो वाचवले म्हणून हे स्वारीवर निघाल्यासारखे चालत होते.

शनिवार असल्यामुळे सकाळी रिआल्तोचा मासळीबाजार उघडा मिळाला (रविवार-सोमवार बंद असतो). सासूबाई अलिबागच्या. चर्चमध्ये त्या दहा मिनिटांत कंटाळायच्या, इथून हलेनात. तिथे भिंतीवर एक जुनी संगमरवरी पाटी आहे, कुठल्या जातीचा मासा किमान किती सेंटीमीटरचा असेल तरच विकायचा, त्याची यादी. ह्यांनी अर्थ सांगितल्यावर आई म्हणाल्या, "ही पाटी आपल्याकडे हवी. बोटभर पिल्लं विकतात मेली." ब्रान्झिनो नावाचा मासा त्यांनी बघताक्षणी ओळखला: "हा जिताड्याचा चुलतभाऊ." मग जेवायला तोच खायचा असं ठरलं.

सान मार्को चौकाकडे जाणाऱ्या गल्लीत एका हॉटेलाबाहेरचा माणूस "इंडिया? नमस्ते!" म्हणाला आणि आम्ही बसलो. मेनूत ब्रान्झिनोपुढे ७.५० लिहिलं होतं. मला वाटलं, एका तुकड्याचा भाव. बारीक अक्षरांत पुढे "अल्ल एत्तो" होतं, ते वाचलंच नाही. एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. म्हणजे किलोला ७५ युरो! वेटरने ताटातून एक मोठा मासा आणून दाखवला. आईंनी कल्ले उचलून पाहिले, लालभडक. डोळा फुगीर, स्वच्छ. खूश होऊन मान हलवली. वेटरने विचारलं, "ओके?" आम्ही चौघंही "ओके" म्हणालो. वजन कुणी विचारलं नाही. अलिबागच्या बाजारात कोळणीशी पन्नास रुपयांसाठी अर्धा तास घालणारी बाई आणि तिचा मुलगा, दोघंही नाही.

ताटात आले चार कापलेले तुकडे. डोकं नाही, काटा नाही. आईंनी काट्या-चमच्याने कातडी उलटून पाहिली आणि म्हणाल्या, हा तो मासा नाही. मी गप्प केलं.

बिल आलं: मासा १.८ किलो, १३५ युरो. लेकीची टोमॅटोची स्पॅगेटी १६, दोन सॅलड २०, पाण्याच्या दोन बाटल्या १२, चार माणसांचा "कोपेर्तो" म्हणजे टेबलावर बसल्याचे १६, आणि वर १२ टक्के सेवा. एकूण २२२ युरो ८८ सेंट. युरो तेव्हा नव्वदच्या आसपास होता. वीस हजार रुपये. कार्ड काढलं तर "मशीन बंद आहे." ह्यांनी मुकाट्याने रोख मोजली.

बोटीत आईंनी हिशेब मांडला. पावणेदोन किलोच्या माशाचे तुकडे बोटभर जाड निघतात. आपल्या ताटात होत्या तळहाताएवढ्या पातळ बाजू, म्हणजे चारशे-चारशे ग्रॅमची दोन पिल्लं. आणि मांस तेलकट, खाजणाच्या तळ्यात पोसलेल्या जिताड्यासारखं. दाखवायचा मासा वेगळा, रांधायचा वेगळा. "तेव्हाच सांगत होते," एवढं म्हणून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

रात्री ह्यांनी बिलाचा कागद नीट पाहिला. त्यावर "नॉन फिस्काले" छापलेलं होतं, म्हणजे ती खरी पावतीच नव्हती. इटलीत २०२२च्या जून-अखेरीपासून कार्ड नाकारणाऱ्या दुकानदाराला दंड आहे: ३० युरो आणि वर रकमेच्या ४ टक्के. बिलावरून भांडण झालंच तर ११७ हा त्यांच्या आर्थिक पोलिसांचा, ग्वार्दिया दि फिनान्झाचा नंबर. तो नुसता उच्चारला असता तरी मशीन कदाचित सुरू झालं असतं, असं आता वाटतं. २०१८मध्ये व्हेनिसमध्येच चार जपानी विद्यार्थ्यांना ११०० युरोंचं बिल लावलं होतं. ते गप्प बसले नाहीत, तक्रार केली, आणि त्या हॉटेलाला जबर दंड झाला. आमच्याकडे रोख गेलेली आणि पावती नाही, तक्रार कशाच्या जोरावर करणार?

तेव्हा तिकडे जाणार असाल तर मेनूत "एत्तो" किंवा "एचजी" (तेही १०० ग्रॅमच) दिसलं की मासा तुमच्यासमोर तोलायला लावा आणि आकडा कागदावर लिहून घ्या. नावापुढे चांदणी (*) असेल तर तो बहुधा गोठवलेला असतो, तेही विचारा. कोपेर्तो मेनूत छापलेला असेल तर द्यावाच लागतो, त्यावर वाद घालू नका; आम्हीही तो मुद्दा सोडून दिलाय. मासा अख्खा, डोक्यासकट टेबलावर आणा म्हणावं, साफ तिथेच करा.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रेत एका साध्या खानावळीत गेलो. मेनू हातात यायच्या आधीच आईंनी वेटरला तराजूची खूण करून दाखवली, दोन्ही तळवे वरखाली. तो हसला, आत जाऊन खरंच वजनकाटा घेऊन आला. मासा भरला ६२० ग्रॅम. आईंनी काट्यावरचा आकडा वाकून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात टेबलावर, दिसतील असे ठेवले होते.