वापरानंतरचा अनुभव: आठ महिने एकेका रेणूच्या मागे

आठ महिने टर्फ मायक्रोस्कोपवर बसून जिवंत पेशीच्या पटलातल्या एका प्रथिनाचे रेणू एकेक करून बघतेय. रेणू दिसणं वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. दिसलेल्यावर विश्वास कधी ठेवायचा, यातच निम्म्याहून जास्त वेळ गेला.

मांडणी अशी: प्रथिनाला हॅलोटॅग (डाय धरून ठेवणारा जोडतुकडा), त्यावर जेएफ ६४६ हा चमकणारा डाय, अगदी मंद उजेड टिपणारा ईएमसीसीडी कॅमेरा, २० मिलिसेकंदांची फ्रेम. टर्फमध्ये काचेलगतचा जेमतेम १००-२०० नॅनोमीटरचा थर उजळतो, बाकी पेशी अंधारात. त्या अंधारात एक ठिपका उगवतो, थरथरत फिरतो आणि विझतो. मंद होत होत नाही, बटण बंद केल्यासारखा एका फ्रेममध्ये. तसा विझला की रेणू बहुधा एकच होता. (पहिल्या दिवशी तासभर नुसती बघत बसले, रेकॉर्डिंगचं बटण दाबायचंच राहिलं.)

डाय फार कमी घालावा लागतो, मला नॅनोमोलरच्याही खाली उतरावं लागलं. दाटी झाली की ठिपके एकमेकांना ओलांडतात आणि ट्रॅकमेट हे माग काढणारं सॉफ्टवेअर बिनदिक्कत एकाचा माग दुसऱ्याला जोडून टाकतं. लेझर वाढवून उजेड मिळतो खरा, पण डाय लवकर जळतो आणि पेशीही आक्रसायला लागतात.

आता माझी फसगत. सरासरी वर्ग विस्थापनाचे (ठरावीक वेळात रेणू जितका सरकतो त्या अंतराच्या वर्गाची सरासरी) पहिले चार बिंदू लॉग-लॉग आलेखावर मांडले, उतार आला ०.७; मोकळ्या रेणूचा १ यायला हवा. म्हणजे रेणू मोकळा पसरत नाही, पटलात कुंपणं आहेत! स्लाइड करून गटाला दाखवलीसुद्धा. मागून सिनियर ताईंचा प्रश्न: "चिकटवलेले मणी मोजलेस का?" नव्हते मोजले. मग काचेला घट्ट चिकटलेले चमकणारे मणी घेतले आणि लेझर इतका उतरवला की मणी रेणूएवढाच उजळ दिसावा. जागचे न हलणारे ते मणीसुद्धा प्रत्येक अक्षावर ३० नॅनोमीटर इकडेतिकडे होत होते. ठिपक्याचा मध्य ठरवण्यातली ही चूक. तिचा वर्ग चौपट होऊन आलेखात मिसळतो: ०.००३६ वर्ग मायक्रोमीटर. माझ्या प्रथिनाचा प्रसरणांक (पसरण्याचा दर) ०.०५ वर्ग मायक्रोमीटर प्रतिसेकंद; त्याची चौपट गुणिले २० मिलिसेकंद, म्हणजे एका फ्रेममधली खरी भर ०.००४. पहिल्या बिंदूत जवळपास निम्मा आकडा खोटा! तो वजा केल्यावर उतार १ च्या आसपास आला आणि कुंपणं नाहीशी झाली.

शेजारच्या टेबलावर हीच मांडणी पॉलिमर जेलसाठी वापरतात. तिथे टर्फ अपुरं पडतं, कारण काचेजवळचा जेल आतल्यासारखा नसतो. लेझर थोडा कमी तिरका करून प्रकाशाची पातळ चादर आत घालावी लागते. जेलमध्ये रेणू जाळीत अडकतो, मग एकदम उडी घेतो. सरासरीत हे बुजून जातं, म्हणून ते आधी उड्यांच्या लांबीचा हिस्टोग्राम काढतात. ती सवय मीही उचललीय. आणि रोजची पहिली फिल्म मण्यांचीच.